बाँडवर सही करण्याआधी

वाचकाचे पत्र, संक्षेपाने: मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. माझ्या मुलाची खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रांचसाठी, म्हणजे वैमानिकांच्या शाखेसाठी, निवड झाली असून त्याला जानेवारीच्या तुकडीत रुजू व्हायचे आहे. सध्या तो शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकतो. रुजू होण्याच्या कागदपत्रांत पालकांनी सही करावयाचा एक बाँड, म्हणजे हमीपत्र, आहे आणि त्यावरून घरात मोठी चर्चा चालू आहे. एका वैमानिकाच्या प्रशिक्षणावर सरकार कोट्यवधी रुपये खर्च करते, निम्मी मुले मध्येच गळतात आणि गळालेल्यांच्या घरून तो खर्च वसूल केला जातो, असे नातेवाईक सांगतात. माझ्या मेहुण्यांनी तर जमिनीचा तुकडा विकून तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवावी असे सुचवले आहे. खर्च किती, यशाचे प्रमाण किती आणि आम्ही सही करावी की नाही, याबद्दल मार्गदर्शन करावे.

सप्रेम नमस्कार.

प्रथम आपले आणि चिरंजीवांचे अभिनंदन. एनडीएच्या प्रत्येक परीक्षेला काही लाख अर्ज येतात. जागा असतात चारशेच्या आसपास आणि त्यांतल्या हवाई दलाच्या वाट्याला अलीकडच्या जाहिरातींनुसार १२० येतात. या १२० पैकी फ्लाइंग ब्रांचच्या जागा ९२. लेखी परीक्षा, सैन्यदलांच्या निवड मंडळाची (एसएसबी) पाच दिवसांची मुलाखत, वैमानिकाची अभियोग्यता तपासणारी सीपीएसएस चाचणी आणि कडक वैद्यकीय तपासणी एवढे सगळे पार करून तो या यादीत आला आहे. सीपीएसएसमध्ये एकदा अनुत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला फ्लाइंग ब्रांचसाठी ती चाचणी पुन्हा देता येत नाही, यावरून ही चाळणी किती बारीक आहे याचा अंदाज यावा. यशाच्या प्रमाणाची गोष्ट आपण पत्राच्या शेवटी विचारली आहे, पण त्या प्रमाणाचा सर्वांत कठीण भाग आपल्या मुलाच्या बाबतीत मागे पडलेला आहे.

नातेवाइकांचे म्हणणे सरसकट खोटे नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी त्यात एकमेकींत मिसळल्या आहेत, म्हणून त्या सुट्या करून पाहू. प्रशिक्षणावर सरकारचा होणारा खर्च ही एक, आपल्याकडून वसूल होऊ शकणारी रक्कम ही दुसरी आणि मुलगा प्रशिक्षणात मागे पडण्याची शक्यता ही तिसरी. या तिन्हींचा परस्परांशी संबंध समजला जातो त्यापेक्षा फारच थोडा आहे.

खर्च कोटींत असतो, हे खरे. अमेरिकेतील रँड या संस्थेने २०१९ मध्ये तेथील हवाई दलाच्या वैमानिकांबद्दल एक अहवाल दिला होता. त्यात सी-१७ या मालवाहू विमानाचा वैमानिक प्राथमिक पात्रतेपर्यंत आणण्याचा खर्च सुमारे ११ लाख डॉलर, तर एफ-२२ या लढाऊ विमानाच्या वैमानिकाचा सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर असा मांडला होता. एकाच दलात, एकाच टप्प्यापर्यंत जवळजवळ दहापट फरक. म्हणून ‘एका वैमानिकाचा खर्च इतके कोटी’ असे कोणी ठामपणे सांगितले, तर कोणत्या विमानाचा आणि कोणत्या टप्प्यापर्यंतचा, हे विचारल्याशिवाय तो आकडा मनावर घेऊ नये. अमेरिकेचे आकडे रुपयांत बदलून आपल्याकडे लावणे तर पूर्णच गैर आहे, कारण विमाने वेगळी, वेतने वेगळी आणि प्रशिक्षणाची रचनाही वेगळी.

हा पैसा जातो कुठे, ते आपल्याकडच्या एका उदाहरणावरून कळेल. २०२३ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्तान एरोनॉटिक्सकडून एचटीटी-४० जातीची ७० प्राथमिक प्रशिक्षण विमाने घेण्यास मंजुरी दिली. सिम्युलेटर आणि पूरक साहित्य धरून तो व्यवहार सुमारे ६,८०० कोटी रुपयांचा होता. म्हणजे ज्या विमानावर मुलगा पहिले धडे गिरवतो, त्याची सामग्रीसह किंमतच शंभर कोटींच्या जवळ जाते. त्यावर इंधन, सुटे भाग, देखभाल करणारे तंत्रज्ञ, धावपट्टी, हवामान विभाग आणि शेजारच्या किंवा मागच्या आसनावर बसणारा अनुभवी प्रशिक्षक, ज्याला स्वतःला घडवायलाच दलाने कित्येक वर्षे घालवलेली असतात. या सगळ्याची बेरीज-भागाकार करून प्रत्येक कॅडेटमागे निघणारा आकडा मोठाच असणार. पण धावपट्टी आणि विमान मुलगा आला नसता तरी तेथेच असते. तो आकडा दलाच्या अंदाजपत्रकाचा आहे, आपल्या नावावर चढणारे कर्ज नव्हे.

आता बाँड. एनडीएच्या जाहिरातीत आणि बाँडच्या मजकुरात जी अट असते, तिचा आशय असा: उमेदवाराच्या स्वतःच्या हातात असलेल्या कारणास्तव त्याने प्रशिक्षण पूर्ण होण्यापूर्वी माघार घेतली, किंवा कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, देऊ केले असता ते नाकारले, तर शिक्षण, भोजन, कपडे आणि मिळालेले वेतन व भत्ते यांवर झालेला खर्च, सरकार ठरवेल त्याप्रमाणे पूर्ण किंवा अंशतः, परत करावा लागेल. ‘स्वतःच्या हातात असलेल्या कारणास्तव’ हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. मन रमले नाही म्हणून घरी परतणे त्यात येते. प्रशिक्षणाच्या काळात विवाह केल्यास कॅडेटला काढून टाकून खर्च वसूल करण्याची तरतूद स्वतंत्रपणे असते. गंभीर गैरवर्तनामुळे नाव कमी झाले तर ते कारणही त्याच्याच हातातले ठरू शकते, असे धरून चालणे शहाणपणाचे. परंतु मनापासून प्रयत्न करूनही विमान उडवणे जमले नाही, किंवा दुखापतीमुळे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला, तर ही गोष्ट माघार घेण्याच्या व्याख्येत बसत नाही. नातेवाइकांनी ‘गळाला’ या एका शब्दात सोडून जाणारा आणि न जमलेला अशा दोघांनाही एकत्र बांधले आहे. बाँड मात्र या दोघांत फरक करतो.

त्याच कागदपत्रांत आणखी एक दाखला असतो, ज्याची चर्चा आपल्या घरात झालेली दिसत नाही. प्रशिक्षणादरम्यान किंवा त्यामुळे मुलाला दुखापत झाली, तर आपण सरकारकडे नुकसानभरपाई मागण्यास पात्र नसू, हे आपल्याला समजले आहे, अशा आशयावर पालक सही करतात. माझ्या मते पैशाच्या अटीपेक्षा हे कलम अधिक लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. अपंगत्व आल्यास दरमहा सानुग्रह रक्कम आणि विम्याची तरतूद असते. तरीही कमिशन मिळण्यापूर्वी घरी पाठवलेल्या कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, आणि त्यामुळे अनेक कुटुंबांनी औषधोपचाराचा भार वर्षानुवर्षे स्वतः सोसला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर सरकारने अशा कॅडेटांना माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेत सामावून घेतले. हे उशिराने झाले, पण झाले. विम्याची रक्कम किती, ती केव्हापासून लागू होते आणि कॅडेटच्या पश्चात नामनिर्देशित कोण, या तीन गोष्टी रुजू होण्याच्या वेळी लेखी समजून घ्या.

आपल्या खिशातून प्रत्यक्ष जाणारा पैसा फार नाही. खडकवासल्यातील तीन वर्षांत निवास, भोजन, गणवेश, पुस्तके आणि औषधोपचार हा खर्च सरकार करते. पालकांकडे राहतो तो खिसाखर्च आणि किरकोळ खासगी खर्च. तो महिन्याला ३,००० रुपयांच्या पुढे जाऊ नये, असे जाहिरातीतच नमूद केलेले असते. सुरुवातीला कपडे, साहित्य आणि काही महिन्यांचा खिसाखर्च यांपोटी एकरकमी भरणा करावा लागतो, त्याचा तपशील रुजू होण्याच्या पत्रासोबत येतो. पालकांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असल्यास आर्थिक साहाय्याची सोयही आहे, पण शिक्षकाच्या वेतनावर ती बहुधा लागू होणार नाही. एनडीएत असताना विद्यावेतन मिळत नाही. पुढे हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दल अकादमीत गेल्यावर फ्लाइट कॅडेट म्हणून दरमहा ५६,१०० रुपये मिळू लागतात. एवढ्यासाठी जमीन विकणे म्हणजे निव्वळ भीतीपोटी केलेला व्यवहार ठरेल. मेहुण्यांना तसे नम्रपणे सांगावे. याच मुलाला खासगी संस्थेतून दोनशे तासांचे उड्डाण करून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायचा असता, तर मात्र ४०-५० लाखांची आणि त्याहून अधिक रकमेची तजवीज खरोखरच करावी लागली असती.

यशाच्या प्रमाणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘निम्मी मुले गळतात’ हे वाक्य पालकांच्या मनात घर करून बसते. गळती कोठे आणि का होते हे पाहिल्यावर त्याची धार कमी होईल, असे मला वाटते.

कोणत्याही हवाई दलाचे साधे गणित असे असते की, शंभर मुलांनी सुरुवात केली आणि ऐंशीच वैमानिक झाली, तर बाहेर पडलेल्या वीस मुलांवर झालेला खर्च उरलेल्या ऐंशींच्या खात्यात जमा होतो. हे वीस जण पहिल्या काही आठवड्यांत वेगळे झाले तर ही भर किरकोळ असते. तेच जेट विमानापर्यंत पोहोचून बाहेर पडले तर ती प्रचंड होते. म्हणून सर्व दले चाळणी शक्य तितकी पुढे आणतात: आधी संगणकावरील अभियोग्यता चाचणी, मग स्वस्त आणि सोपे विमान, मग जेट. आपल्या मुलाला एनडीएच्या शेवटच्या टर्ममध्ये सुपर डिमोना या छोट्या मोटार-ग्लायडरवर उडण्याचा पहिला अनुभव मिळेल. नंतर दुंडिगलला पिलाटस पीसी-७ या स्विस बनावटीच्या प्रशिक्षण विमानावर पहिला टप्पा सुरू होईल. मुलगा टिकतो की नाही, याचा निर्णय बहुतांशी याच टप्प्यात होतो.

त्या टप्प्यातील एक उड्डाण कसे असते, ते सांगतो. कॅडेट पहाटे हवामानाची माहिती घेतो, प्रशिक्षकासमोर आजच्या धड्यातील प्रत्येक कृती तोंडी म्हणून दाखवतो, विमानाभोवती फिरून तपासणी करतो आणि आत बसल्यावर ठरलेल्या क्रमाने सर्व कळा आणि निर्देशक तपासतो. हवेत गेल्यावर वेग, उंची आणि दिशा एकाच वेळी सांभाळत, रेडिओवरचा आवाज ऐकत, आधी डोक्यात बसवलेली कृती करायची असते. सुरुवातीला तीनपैकी एक गोष्ट हमखास निसटते. खाली आल्यावर त्या उड्डाणाचा शेरा लिहिला जातो. असमाधानकारक शेरे साचू लागले तर ज्यादा उड्डाणे मिळतात, पुढे वेगळ्या परीक्षकाबरोबर तपासणी होते आणि तेथेही जमले नाही तरच उड्डाण थांबवले जाते. बुद्धीने हुशार असलेली मुलेही येथे अडतात, कारण हे कौशल्य ठरावीक तासांत आले पाहिजे, अशी अट असते. आणखी वीस तास दिले असते तर जमलेही असते, पण त्या वीस तासांची किंमत दलाला परवडत नाही. खर्च आणि यशाचे प्रमाण यांचा खरा संबंध या ठिकाणी लागतो. त्यामुळे उड्डाण थांबवले गेले, याचा अर्थ मुलगा नालायक होता असा कोणी काढू नये, आणि आपण तर मुळीच काढू नये.

चाळणी पुढे आणण्याचा उलट प्रयोग, म्हणजे मधला टप्पाच वगळण्याचा, आपल्या देशाने मोठी किंमत मोजून पाहिला आहे. किरण या संथ प्रशिक्षण विमानावरून तरुण वैमानिक कित्येक वर्षे थेट मिग-२१ या वेगवान लढाऊ विमानावर जात होते. दोन्हींमधील वेगाची दरी भरून काढण्यासाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस ला फॉन्तेन समितीने १९८२ मध्ये केली. ब्रिटिश बनावटीच्या हॉक विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती २००८ मध्ये दाखल झाली. मधल्या पाव शतकात झालेल्या अपघातांत अनेक कोवळी मुले गेली. आज लढाऊ शाखेत निवडलेला अधिकारी बीदरला हॉकवर तयार होऊनच पुढे जातो. आपल्या पत्नीला उड्डाणाची भीती वाटत असेल, तर तिला हा बदल जरूर सांगा. धोका शून्यावर आला, असे मात्र सांगू नका.

दलाला मुले काढून टाकण्यात रस असतो, ही समजूतही काढून टाकावी. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा हवाई दलाच्या वैमानिक प्रशिक्षणावरील अहवाल २०२४ च्या डिसेंबरमध्ये संसदेत मांडला गेला. त्यानुसार २०१५ च्या आरंभी ४८६ वैमानिकांची असलेली कमतरता २०२१ अखेर ५९६ वर गेली होती. दरवर्षी २२२ प्रशिक्षणार्थी घेण्याचे ठरलेले असताना प्रत्यक्षात तेवढे घेताच आले नव्हते. पीसी-७ विमानांच्या इंजिनातून तेलगळती होण्याचे प्रकारही अहवालात नोंदले आहेत. म्हणजे अडचण केवळ मुलांच्या कुवतीची नाही. विमाने, प्रशिक्षक आणि जागा यांचीही आहे. ज्या दलाला वैमानिक कमी पडत आहेत, ते हाती आलेला चांगला कॅडेट सहजासहजी सोडत नाही.

मग न जमलेल्या मुलाचे काय होते? एनडीएत अभ्यासात किंवा शारीरिक चाचण्यांत मागे पडलेल्या कॅडेटला बहुधा एक टर्म मागे ठेवतात. कॅडेटांच्या भाषेत त्याला रेलिगेट होणे म्हणतात. त्यात मनाला लागते खरे, पण असे अनेक अधिकारी पुढे उत्तम कारकीर्द करून गेले आहेत. वारंवार मागे पडल्यास मात्र नाव कमी होते. पुढे दुंडिगलला उड्डाण थांबले, तर जागांच्या उपलब्धतेनुसार आणि पात्रतेनुसार हवाई दलाच्याच अन्य शाखेसाठी विचार होतो. येथे ‘जागांच्या उपलब्धतेनुसार’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती हमी नव्हे. तरीही अनेकांना त्या मार्गाने कमिशन मिळते आणि ते त्याच वेतनश्रेणीत, त्याच गणवेशात काम करतात. फरक पडतो तो दरमहा मिळणाऱ्या उड्डाण भत्त्याचा आणि अर्थात मनातल्या स्वप्नाचा.

म्हणून सही करण्यापूर्वी मुलाला एकच प्रश्न विचारा, आणि तो नातेवाइकांच्या देखत विचारू नका. उद्या उड्डाण जमले नाही आणि रडार केंद्रावर, तांत्रिक विभागात किंवा प्रशासनात अधिकारी म्हणून काम करण्याची संधी मिळाली, तर तू राहशील का? त्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर आपल्या भीतीला फारसा आधार उरत नाही. ‘लढाऊ विमान नाही तर काहीच नाही’ असे तो म्हणाला, तरी त्याला अडवू नका, कारण अठराव्या वर्षी तसेच वाटते. मात्र त्या वेळी त्याला सांगा की, मन बदलले तर ते पहिल्या काही महिन्यांतच ओळखून घरी कळव. थांबून राहिल्याने वसुलीची रक्कम वाढते आणि मागे फिरणेही अवघड होते. पहिल्या टर्ममध्ये जवळजवळ प्रत्येक मुलाला परत यावेसे वाटते, म्हणून पहिल्या रडवेल्या फोनवर निर्णय घेऊ नका. तीच गोष्ट तो दुसऱ्या टर्ममध्ये शांतपणे सांगू लागला, तर तिची दखल घ्या.

अभियांत्रिकीच्या जागेबद्दल. रुजू होण्याचे पत्र प्रत्यक्ष हातात येईपर्यंत प्रवेश रद्द करू नका. निवड यादीत नाव असणे आणि रुजू होण्याचे बोलावणे येणे यांत अंतर असते. पत्र आल्यावर महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन मूळ प्रमाणपत्रे परत घ्या आणि शुल्काच्या परताव्याचे काय, ते तेथेच विचारा. सत्र उलटून गेले असेल तर परतावा मिळेल या आशेवर राहू नका. जागा एक वर्ष राखून ठेवण्याची विनंती काही पालक करतात, पण बाँडवर सही करायची आणि मागे वाट उघडी ठेवायची, हे मुलाच्या मनाला स्वस्थ बसू देत नाही. खडकवासल्यातील तीन वर्षांचा अभ्यासक्रम जवाहरलाल नेहरू विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे मुलगा पदवीविना राहील ही चिंता प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला नाही. मध्येच बाहेर पडणाऱ्याला आहे, आणि ती वेळ केव्हा व का येते, हे वर लिहिलेच आहे.

सही करा. करण्याआधी बाँडचा मसुदा ओळखीच्या एखाद्या वकिलाला किंवा निवृत्त सैन्याधिकाऱ्याला वाचायला द्या, जामीनदार म्हणून आणखी कोणाची सही लागते का ते पाहा, आणि तशी लागत असेल तर त्या व्यक्तीला वसुलीचे कलम स्वतः वाचून दाखवा. सह्या झालेल्या सर्व कागदांची छायाप्रत घरी एका फायलीत ठेवा. विम्याचे कागद आणि मुलाच्या वैद्यकीय तपासणीचे अहवालही त्याच फायलीत असू द्या, कारण पुढे कधी दुखापतीचा प्रश्न उद्भवलाच, तर रुजू होताना त्याची प्रकृती निर्दोष होती हे त्यावरूनच दाखवता येईल.